जागेअभावी

"पोतनीस, कापायचं कसं ते मला सांगा."

शिंगटे सर दारात उभे होते. सकाळचे साडेआठ वाजले होते, एप्रिलचं ऊन आत्तापासूनच चटके देत होतं, आणि सरांच्या हातात छापून आणलेल्या कागदांची गुंडाळी होती. पायात दोन निराळ्या चपला होत्या, एक त्यांची आणि एक बहुधा वहिनींची.

"काय कापायचं, सर?"

"लेख. आपल्या मुक्तद्वारवरचा."

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं आणि स्वतः मटकन खुर्चीत बसलो. सूर्य पश्चिमेला उगवल्याचं कुणी सांगितलं असतं तर मी एकवेळ खिडकीतून बघून घेतलं असतं. पण प्राध्यापक हणमंतराव शिंगटे कात्री मागायला माझ्या दारात येतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्याचं कारण सांगायला हवं. मी बावीस वर्षं कराडच्या 'दैनिक जनघोष'मध्ये वाचकांची पत्रं बघायचो. बघायचो म्हणजे कापायचो. मालकांच्या कारखान्याविरुद्धचं पत्र, मालकांच्या कॉलेजाविरुद्धचं, मालकांच्या व्याह्यांविरुद्धचं, ही सगळी 'जागेअभावी' मागे राहायची. कुणी विचारायला आलं तर हा एकच शब्द सांगायचा, असं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तो शब्द इतका सोयीचा निघाला की पुढे पुढे मी घरी बायकोलासुद्धा तोच सांगू लागलो.

आणि शिंगटे सर म्हणजे माझे सगळ्यात चिवट पत्रलेखक. राज्यशास्त्राचे प्राध्यापक. दर मंगळवारी स्वतः येऊन पत्र द्यायचे, कधी चार पानी, कधी सहा पानी, मुद्दे क्रमांक घालून. त्यांना आवरण्यासाठीच आम्ही नियम केला होता, की एका घरातून महिन्याला एकच पत्र छापायचं. सर भर बाजारात मला 'जनघोषची कात्री' म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटत नसे. बावीस वर्षांत मला मिळालेली ती एकमेव पदवी होती.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी सरांनी इंटरनेटवर संस्थळ काढलं. मुलगा बंगळुरूला असतो, त्याने सगळं उभं करून दिलं. नाव 'मुक्तद्वार'. माथ्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'इथे एकही शब्द कापला जाणार नाही.' आणि व्यवस्थापक म्हणून सरांनी नेमलं कुणाला? मला. "तुमच्या हातून प्रायश्चित्त करून घेतो," म्हणाले. मला दुसरा उद्योग नव्हता. नव्या सभासदांना आत घ्यायचं, तक्रारी बघायच्या, एवढंच काम. दोन वर्षांत चारशे सभासद झाले. एकही शब्द कापला गेला नाही, हे खरं. सरांचे लेख बहुतेक कुणी वाचत नसे, हेही खरं.

"वाचा," सरांनी गुंडाळी माझ्यापुढे टाकली.

लिहिणाऱ्याने नाव घेतलं होतं 'परसदार'. मुक्तद्वारवर खरं नाव देण्याची सक्ती नव्हती. तोही सरांच्या स्वातंत्र्याचा भाग होता. मी वाचू लागलो.

'आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत. विचारस्वातंत्र्यावर त्यांचा फार जीव. रोज जेवताना ते त्यावर बोलतात आणि आमटी गार होते. मध्येच कुणी तोंड उघडलं, तर ते डावा हात वर करून म्हणतात, मुद्दा क्रमांक दोन. बेचाळीस वर्षांत त्यांचा शेवटचा मुद्दा काही आलेला नाही. त्यांच्या घरात एका माणसाला एक गोष्ट सांगायची आहे. फार मोठी नाही, चारच ओळींची. अजून वाट बघणं चालू आहे.'

मला हसू आलं. ते मी खोकल्यावर निभावून नेलं. खाली एकशे सदतीस प्रतिसाद होते. सरांच्या लेखांना तीन यायचे, त्यातला एक सरांचाच असायचा.

"लोक खुशाल हसतायत," सर म्हणाले. "कुणीतरी विचारलंय, हे आपले सर तर नव्हेत? रविवारी नगर वाचनालयात माझा सत्कार आहे, पोतनीस. विचारस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता म्हणून! हे तिथं कुणी वाचून दाखवलं तर?"

"मग उडवून टाका की. मालक तुम्ही आहात."

"मी उडवला तर उद्या जनघोष पहिल्या पानावर छापील, मुक्तद्वाराला लागली कात्री म्हणून. ते टपूनच बसलेत. त्यांचा पक्षपात काय मला नवीन आहे?" सर पुढे झुकले. "हे असं गेलं पाहिजे की गेलं हेच कुणाला कळू नये. तुम्हाला ते जमतं. आणि हा परसदार सुद्धा गेला पाहिजे. कायमचा."

म्हणजे बावीस वर्षं ज्या हातांना ते शिव्या देत होते, तेच हात त्यांना आता भाड्याने हवे होते. मला त्या सकाळी फार बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही.

"सर, कुणालाही काढायचं तर कारण हवं," मी म्हणालो. "नियम तुमचाच आहे."

"मग शोधा कारण. एकाच माणसानं दोन नावांनी लिहायचं नाही, हाही माझाच नियम आहे. बघा, हा परसदार दुसऱ्या कुठल्या नावानं लिहितो का."

ते बघता येत असे. प्रत्येक लिखाण कुठल्या जोडणीवरून आलं, त्याचा एक क्रमांक फक्त व्यवस्थापकाला दिसायचा. मी संगणक लावला, परसदारचा क्रमांक काढला, तो कागदावर लिहून घेतला आणि यादीत शोधला. एकच नाव जुळलं. मी पुन्हा ताडून पाहिलं.

ते नाव होतं प्रा. हणमंतराव शिंगटे.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आयुष्य वर्तमानपत्रात काढलेल्या माणसाला असले डाव कळायला वेळ लागत नाही. स्वतःवरच टीका लिहायची, गर्दी जमवायची आणि रविवारी हार गळ्यात पडल्यावर सांगायचं, बघा, माझ्या संस्थळावर माझ्याविरुद्धही लिहिता येतं! आणि आत्ताचा हा सगळा कांगावा, म्हणजे मी नको नको म्हणावं आणि साक्षीदार व्हावं यासाठी. मनातल्या मनात मी सरांना दाद दिली.

"सर," मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली, "हे तुमच्याच घरातून लिहिलंय."

"माझ्या?"

"तुमचाच क्रमांक आहे. कशाला उगाच? जुनी सवय आहे तुमची, मला काय माहीत नाही?"

"कसली सवय?"

"दुसऱ्याच्या नावानं लिहायची. महिन्याला एकच पत्र छापायचा नियम केला, तर तुम्ही वहिनींच्या नावानं पाठवायला लागलात. सौभाग्यवती इंदुमती शिंगटे. एसटी स्टँडवर बायकांसाठी मुतारी नाही म्हणून, मंडईत पाण्याचा नळ बंद आहे म्हणून. अकरा पत्रं आली होती. अक्षर तेवढं वहिनींचं काढून घेतलं होतंत. मी ओळखलं नव्हतं असं वाटलं का तुम्हाला? प्रत्येकावर लाल पेनानं शेरा मारून टोपलीत टाकलंय मी. 'तोच, बायकोच्या नावाने.'"

हे ऐकून सर ओशाळतील, निदान चिडतील, असं मला वाटलं होतं. पण ते गोंधळले.

"मी? हिच्या नावानं?" ते म्हणाले. "मुतारीवर? पोतनीस, मी घटनेच्या एकोणिसाव्या कलमावर लिहितो. मुतारीवर मी कशाला लिहीन?"

"मग कुणी लिहिलं?"

"मला काय ठाऊक? ही कुठं पत्रं लिहिते? हिला काय लिहायचंय?" आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "अहो, म्हणजे हे तेव्हापासून चाललंय! आधी माझ्या बायकोचं नाव वापरलं आणि आता माझी इंटरनेटची जोडणी वापरतायत. आमच्या घरात माणसं दोन. मी आणि ही. मी तर लिहिलेलं नाही. म्हणजे बाहेरच्या कुणीतरी तार जोडून घेतलीय. चला, आत्ताच्या आत्ता घरी चला!"

मी उठलो. सर खोटं बोलत नव्हते. घरात माणसं दोन, एकाने लिहिलेलं नाही, एवढं गणित मांडूनही उत्तर त्यांना दिसत नव्हतं. आणि मी काय त्यांना हसणार? मला ते उत्तर अकरा वेळा टपालाने आलं होतं.

सरांच्या घरी पोचलो तर वहिनी अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. ठेंगणी मूर्ती, काठापदराचं सुती पातळ, नाकावर घसरलेला चष्मा. मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखत होतो, म्हणजे त्यांच्या हातचा चहा पंचवीस वर्षं पीत होतो.

"अगं, या पोतनिसांना चहा टाक," सर आत शिरता शिरता म्हणाले. "आणि इथं कोण आलं होतं का? तारेला कुणी हात लावला का?"

"कुणी न्हाई वो. माझी चप्पल तेवढी कुणीतरी नेलीया," वहिनी म्हणाल्या. सरांनी ते ऐकलं नाही. ते खिडकीतून आत येणाऱ्या वायरीचा माग काढत गच्चीवर निघून गेले.

संगणक मधल्या खोलीत होता. त्याच्यावर भरतकाम केलेला रुमाल घातलेला, आणि की-बोर्डाच्या शेजारी एक जुनी वही. वहीवर वहिनींचा दुसरा चष्मा होता. मी तो चष्मा बघतोय हे वहिनींनी बघितलं. त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला, चष्मा उचलला आणि पदराला पुसत उभ्या राहिल्या.

"काढून टाकणार व्हय भाऊजी, ते लिहिलेलं?" त्यांनी विचारलं.

एवढ्या सरळ विचारतील असं मला वाटलं नव्हतं.

"सर म्हणतायत, काढा म्हणून. आणि पुन्हा लिहू द्यायचं नाही म्हणतायत."

"असं." त्या म्हणाल्या. "दुपारी हे दोन ते चार झोपत्यात. तेवढ्यात लिहिते. पोरानं शिकवलं टाइप करायला, त्याला पत्र लिहायला म्हणून. मग म्हटलं, हितंबी लिहून बघावं. लोक वाचत्यात वो! कुणी सोलापूरचा, कुणी अमेरिकेतला. पुढं काय झालं म्हणून इचारत्यात." त्यांच्या आवाजात जे होतं, ते मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. त्या खूश होत्या, आणि ते जाईल म्हणून घाबरल्या होत्या.

"वहिनी, ती चार ओळींची गोष्ट कोणती?"

"कसली?"

"सांगायची राहून गेलेली."

वहिनी लाजल्या. "काय न्हाई वो. मला तुरीची आमटी सोसत न्हाई. पित्त होतं. यांना तुरीचीच लागती. मुगाची करूया का, एवढंच इचारायचं हुतं."

"बेचाळीस वर्षं?"

"मध्ये दोन-तीनदा तोंड उघडलं की. पण यांचं चालू असतंय."

वर गच्चीवर सर पत्र्यावर पाय आपटत चालल्याचा आवाज येत होता. मी चहा ढवळत बसलो. साखर कधीच विरघळली होती.

"आधी पेपरात पाठवत हुते," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याच. अकरा पत्रं पाठवली असतील. एसटी स्टँडवर बायकांची लई अडचण हुती तवा. एकबी आलं न्हाई छापून. मग मी म्हटलं, आपलं अक्षर वंगाळ असंल. सातवीपर्यंतच शाळा झालेली. रोज दोन पानं गिरवून काढायची मी, सुधारंल म्हणून." त्यांनी ती वही माझ्यापुढून उचलून कपाटात ठेवली. "आता हितं अक्षराची भानगडच न्हाई. सगळ्यांचं सारखंच दिसतंय."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. त्या पत्रांचं अक्षर टपोरं आणि स्वच्छ होतं, आमच्या कार्यालयात तसं अक्षर कुणाचं नव्हतं, आणि मी ती दोन ओळींपुढे वाचलीच नव्हती. मी चहा पिऊन टाकला आणि म्हणालो, "छान झालाय."

सर धापा टाकत खाली आले. तार कुठेच तोडलेली, जोडलेली नव्हती. त्यामुळे कारस्थान आणखीच खोल आहे अशी त्यांची खात्री झाली होती.

"पोतनीस, आत्ता माझ्यासमोर बसा आणि तो परसदार काढा. माझा क्रमांक वापरतोय म्हणजे नियमच मोडलाय त्यानं. आता कारणही मिळालं!"

सर बरोबर बोलत होते. नियम मोडला होता, कारण मिळालं होतं, आणि पुरावा मीच कागदावर लिहून दिला होता. वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. कापलं जाण्याची त्यांना सवय होती.

आणि मी धडधडीत खोटं बोललो.

"सर, माझी चूक झाली," मी म्हणालो. "हा क्रमांक तुमच्या एकट्याचा नाही. केबलवाला अख्ख्या पेठेला एकच क्रमांक देतो. दत्त चौकापासून नदीपर्यंत."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यात दोनशे घरं आली." मी जरा थांबलो. "आणि जनघोषची कचेरीही आली."

सर हळूच खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की मला त्यांची दया आली.

"तरीच!" ते म्हणाले. "तरीच म्हटलं, भाषा मुरलेली आहे. पेपरातलाच कुणीतरी आहे. मी हा लेख उडवावा म्हणूनच लिहिलाय हा. उडवला की उद्या बातमी तयार! सापळा आहे, पोतनीस."

"मग काय करायचं?"

"एक शब्द कापायचा नाही!" सर गरजले. "लिहू दे त्याला. रोज लिहू दे. मी मुद्देसूद उत्तर देईन. अगं, ऐकलंस का? हा परसदार कोण आहे कळलं मला!"

"कोण?" वहिनींनी विचारलं.

"जनघोषचा माणूस."

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या.

रविवारी सत्कार झाला. सरांनी भाषणात तो लेख स्वतःच वाचून दाखवला आणि म्हणाले, विरोधकाचा शब्दही माझ्या दारात सुरक्षित आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांच्या रांगेत वहिनीही टाळ्या वाजवत होत्या. जनघोषने ती बातमी छापलीच नाही. सर म्हणाले, बघितलात पक्षपात?

पुढे अकरा वर्षं ते दोघे मुक्तद्वारवर भांडत होते. सर सकाळी लिहायचे, परसदार दुपारी. संध्याकाळी जेवताना सर परसदारचं उत्तर वहिनींना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि त्यातल्या चुका समजावून सांगायचे. वहिनी ऐकून घ्यायच्या. एकदा परसदारने तुरीच्या डाळीवर लिहिलं. तुरीने पित्त कसं होतं, मुगाची आमटी कशी हलकी, असं चांगलं सविस्तर. दुसऱ्या दिवशी मी तिथे असताना सर वहिनींना म्हणाले, "माणूस शत्रुपक्षातला आहे, पण अभ्यासू आहे. त्याचं म्हणणं पटलंय मला. आजपासून मुगाची करत जा."

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

सर गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांना परसदार कळला नाही. इस्पितळात त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं होतं, "हल्ली त्याचं लिखाण दिसत नाही. बरा आहे ना तो?" वहिनी तेव्हा रात्रंदिवस त्यांच्या उशाशी होत्या, त्यामुळे लिहायला वेळ कुठला? मी म्हणालो, बरा आहे. ते म्हणाले, "त्याच्यासारखं माझं लिखाण कुणी वाचलं नाही." तेव्हा वहिनी त्यांचे पाय चेपत होत्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. सगळ्यांचे आभार मानणारा चार ओळींचा मजकूर जनघोषमध्ये द्यायचा होता. मुलगा म्हणाला, मी टाइप करून देतो. वहिनी नको म्हणाल्या. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि ओळ आखून घेतल्यासारखं सावकाश लिहिलं. मग कागद माझ्यापुढे धरला.

"बघा भाऊजी. तुम्ही पेपरातलं माणूस. लागंल का वाचायला?"

तेच टपोरं, स्वच्छ अक्षर होतं. इतक्या वर्षांत एका काना-मात्रेचाही फरक पडला नव्हता. सर आता नव्हते, जनघोषची नोकरी नव्हती, मला कुणाला सांभाळायचं नव्हतं.

"वहिनी," मी म्हणालो, "अक्षर फार सुरेख आहे तुमचं. पहिल्यापासूनच होतं."

वहिनींनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"मग ती पत्रं का न्हाई छापली वो?"

खरं उत्तर मला माहीत होतं. लाल पेनाने मीच तर ते अकरा वेळा लिहिलं होतं. मी तोंड उघडलं, आणि बावीस वर्षांच्या सवयीने एकच शब्द बाहेर आला.

"जागेअभावी."

वहिनींनी मान हलवली, कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"चारच ओळींची तर असायची," त्या म्हणाल्या.